नुमाईशीतला घोडा

२०२४ च्या जानेवारीत हैदराबादला जाणं झालं. निमित्त मावशीला भेटण्याचं. मावशी आता एक्याऐंशी वर्षांची झाली होती. फोनवर मी दहा वर्षं "येतो, येतो" म्हणत होतो आणि ती दहा वर्षं "यो रे पुता" म्हणत होती. शेवटी मावसबहिणीनेच तिकीट काढून पाठवलं, तेव्हा पळवाट उरली नाही.

पळवाट हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. मावशी माझी अत्यंत लाडकी. तरीही तिच्या घरी जायचं मी टाळत असे. कारण सांगितलं तर हसाल. कारण होतं एक लाकडी घोडा. तोही माझा नव्हे, नुमाईशीतला.

पहिल्यापासूनच सांगतो.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यानंतर कारभार चालवायला इतर राज्यांतून पुष्कळ सरकारी माणसं गोव्यात आली. त्यांना आमच्याकडे 'डेप्युटेशनवाले' म्हणत, आणि ते म्हणण्यात कौतुक थोडं, कुरकुर जास्त असे. असेच एक डेप्युटेशनवाले हैदराबादहून पणजीला आले. मूळचे परभणीकडचे, दोन पिढ्या हैदराबादेत काढलेले, घरात मराठी, रस्त्यावर दखनी आणि कचेरीत इंग्रजी बोलणारे. आमच्या घरासमोरच त्यांनी खोली घेतली होती. पुढचं सांगायला नको. १९६३ च्या वैशाखात मावशीचं लग्न झालं. ते माझे काका. वर्षभराने बदली रद्द झाली आणि मावशी काचीगुड्याला गेली. पोर्तुगीज अमदानीत वेंगुर्ल्याला जायलाही कागदपत्रं लागत होती त्या घरातली मुलगी एकदम निजामाच्या राजधानीत! आजी म्हणे कितीतरी दिवस गाडीच्या वेळेला दाराकडे बघत बसायची.

१९७१ च्या जानेवारीत आईचं मोठं ऑपरेशन ठरलं. बाबा हॉस्पिटलात, घरी कोणी नाही, म्हणून सात वर्षांच्या मला दोन महिन्यांसाठी मावशीकडे पाठवलं. मामा पोचवायला आला. तेव्हा वास्कोहून घाट चढून लोंढा, हुबळी, गुंतकल असं अरुंद रुळांवरून काचीगुड्यापर्यंत जाता येई. त्या प्रवासातलं मला एकच आठवतं. गाडीच्या खिडकीतून झाडं कमी कमी होत गेली आणि खडक वाढत गेले. मोठमोठे गोल खडक, एकावर एक ठेवलेले, जणू कुणी राक्षस लगोरी मांडून जेवायला निघून गेला आहे.

काचीगुड्याच्या वाड्यात काका, मावशी आणि काकांची आई. तिला सगळे आजी म्हणत, मीही म्हणू लागलो. आजीने निजामाचं राज्य पाहिलं होतं, रझाकारांचे दिवस पाहिले होते, १९४८ च्या सप्टेंबरातले ते चार-पाच दिवस दाराला आतून उखळ लावून काढले होते. उंबऱ्याबाहेर ती फारशी पडत नसे. मावशीच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं होत आली होती आणि पाळणा हलला नव्हता. याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पण न बोलता बोलण्याच्या अनेक तऱ्हा असतात आणि त्या सात वर्षांच्या मुलालासुद्धा कळतात.

संध्याकाळ झाली की गल्लीतली मुलं एकच शब्द बोलत. नुमाईश! "नुमाईश देखा क्या?" मला वाटलं माणसाचं नाव असेल.

नुमाईश म्हणजे प्रदर्शन. हैदराबादची ही नुमाईश सुरू झाली १९३८ साली. उस्मानिया विद्यापीठातून बाहेर पडलेल्या काही पदवीधरांच्या मनात राज्याची आर्थिक पाहणी करायची होती आणि त्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी राज्यात तयार होणाऱ्या मालाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाव ठेवलं 'नुमाईश मसनुआत-ए-मुल्की'. मुल्की म्हणजे आपल्या मुलखातली. हाताशी भांडवल अडीच रुपये होतं असं सांगतात. पन्नासेक दुकानं, दहा दिवस, आणि उद्घाटनाला खुद्द सातवा निजाम मीर उस्मान अली खान. जागा होती नामपल्लीची सार्वजनिक बाग, म्हणजे 'बाग-ए-आम'. हे नाव ऐकून मी काकांना विचारलं होतं, "आंब्याची बाग आहे?" काका पोट धरून हसले. आम म्हणजे आंबा नव्हे, आम म्हणजे सगळ्यांची! गोव्याच्या मुलाला आंब्याशिवाय दुसरं काय सुचणार?

बाग-ए-आम एकोणिसाव्या शतकातली. विधानसभेची ती सुंदर पांढरी इमारत तिच्याच कडेला आहे. १९१३ साली पुरी झालेली, लोकांनी वर्गणी काढून बांधलेली, मूळची टाऊन हॉल. आत निजामाच्या रौप्यमहोत्सवासाठी बांधलेला ज्युबिली हॉल, आणि वस्तुसंग्रहालय, ज्यात इजिप्तची एक खरीखुरी ममी आहे. शहराचं प्राणिसंग्रहालयही पूर्वी याच बागेत होतं. १९६३ साली ते नेहरू झूऑलॉजिकल पार्कात हललं. नुमाईशही पुढे या बागेत मावेना. १९४६ मध्ये, सर मिर्झा इस्माईल दिवाण असताना, तिला जवळच नामपल्लीत आजचं मोठं मैदान मिळालं. १९४७ आणि १९४८ ही दोन वर्षं ती भरलीच नाही, कारण त्या दोन वर्षांत राज्य कुणाचं हाच प्रश्न होता. १९४९ मध्ये ती परत भरली तेव्हा उद्घाटनाला निजाम नव्हते, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी होते. मुल्की जाऊन नावात 'अखिल भारतीय' आलं. लोकांनी मात्र नाव बदललं नाही. ते आजही नुमाईशच म्हणतात.

एक गोष्ट मला फार आवडते. नुमाईशीच्या नफ्यातून शाळा-कॉलेजं चालतात. मैदानाला लागूनच मुलींचं वनिता महाविद्यालय आहे आणि मुलींचं पॉलिटेक्निक आहे. म्हणजे आकाशपाळण्यात बसून तुम्ही जे किंचाळता, त्यातून कुणाच्यातरी मुलीची फी भरली जाते. आमच्या जत्रांचे हिशेब असे कुठे जातात ते देवच जाणे.

असो. काका मला एका रविवारी घेऊन गेले. काश्मिरी शाली, लखनवी कुडते, लाखेच्या बांगड्या, मिरची भजी, आणि पलीकडच्या कोपऱ्यात पाळणे. आम्ही गोव्याची मुलं जत्रेतले पाळणे बघत मोठी झालेलो. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानांमागे ते कुरकुरत असायचे. पण हा असा पाळणा मी पाहिला नव्हता. मधे एक जाड खांब, वर छत्रीसारखं रंगीत कापड, आणि कडेने लाकडी घोडे, आत एक रांग, बाहेर एक रांग. इंजिन नाही, मोटार नाही. चार माणसं आतल्या दांड्यांना छाती लावून पळत. वेग आला की उडी मारून दांड्यावर बसत आणि वेग मंदावला की परत खाली उतरून पळत. आपण घोड्यावर आणि घोड्याच्या जागी माणसं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष काळ्या घोड्यावर होतं. त्याला डावा कान नव्हता.

त्या दिवशी काकांपाशी सुटे पैसे नव्हते की रांग मोठी होती, आठवत नाही. बसायला मिळालं नाही. मी रस्ताभर तोंड फुगवून आलो.

नुमाईशीत एक दिवस फक्त बायकांचा असतो. पडद्याच्या काळात ती मोठीच सोय होती, आणि पडदा गेला तरी तो दिवस गेला नाही. त्या दिवशी मावशी शेजारच्या दोघीतिघींबरोबर निघाली. मी सात वर्षांचा, म्हणजे बायकांतच जमा. आजी आली नाही. तिने "दिवेलागणीच्या आत या" एवढं सांगितलं.

मैदानात गेल्यावर मी जे पाहिलं ते मला अजून दिसतं. बायका मोठ्याने हसत होत्या. बस, एवढंच. बुरखे वर टाकलेल्या, पदर खोचलेल्या, गजरे माळलेल्या, तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून खात होत्या, भांडत होत्या, हसत होत्या. माझी मावशीसुद्धा निराळीच दिसत होती. एका दुकानात तिने लाखेच्या बांगड्या पसंत केल्या. मापाच्या नव्हत्या, म्हणून दोन रुपये आगाऊ देऊन आठवड्याने न्यायचं ठरवलं. मग शेजारणी भांड्यांच्या दुकानाकडे वळल्या आणि आम्ही दोघं पाळण्यापाशी आलो.

मी काळ्या घोड्यावर बसलो. आणि मावशीही बसली.

मला आठवतं ते असं. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी साडी, तो निळा काठ. दोन्ही पाय एकीकडे टाकून ती बाहेरच्या रांगेतल्या तांबड्या घोड्यावर बसलेली. पाळणा सुरू झाला, वेग आला, तिचा पदर सुटला, आंबाडा सुटला, आणि ती हसायला लागली. तिला मी असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, ना गोव्यात ना काचीगुड्यात. आतल्या रांगेतल्या माझ्यापेक्षा तिचा घोडा जास्त जोराने पळत होता याचा मला रागही आला.

हा राग चुकीचा नव्हता, एवढं पुढे शाळेत कळलं. खांबापासून दोन मीटरवरचा घोडा एका फेरीत साडेबारा मीटर जातो, चार मीटरवरचा पंचवीस. फेरीला वेळ तितकाच. म्हणजे बाहेरचा दुप्पट वेगाने पळतो. मावशीला हे गणित ठाऊक नसणार. पण घोडा तिने बाहेरचाच निवडला होता.

उतरल्यावर तिने आंबाडा बांधला, पदर नीट केला आणि खाली वाकून म्हणाली, "घरा कोणाक सांगूं नाका हां." मी मान डोलावली. वाटेत तिने मला खारे शेंगदाणे घेऊन दिले.

इथे थोडं थांबून त्या घोड्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सांगायला मला जरा दम खावा लागणार आहे.

अशा पाळण्याला इंग्रज मेरी-गो-राऊंड म्हणतो. आमच्या पोर्तुगीज शिकलेल्या आजोबांच्या पिढीचा शब्द 'कारुसेल'. हा शब्द मुळात पाळण्याचा नाहीच. कारुसेल म्हणजे सरदारांचे घोड्यावरचे खेळ. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६२ साली पॅरिसमध्ये असा एक प्रचंड सोहळा केला होता. ज्या चौकात तो झाला त्याला आजही त्याचंच नाव आहे. धावत्या घोड्यावरून भाल्याने टांगलेली कडी उचलायची हा त्यातला एक खेळ. हैदराबादच्या जुन्या लष्करी लोकांना हा प्रकार परका नाही. भाल्याने जमिनीतली खुंटी उचलण्याच्या खेळाला ते नेझाबाजी म्हणत. तर या खेळाचा सराव करायला फिरत्या तुळईवर लाकडी घोडे बसवले गेले, आणि त्या लाकडी घोड्यांवर पुढे बायकामुलं बसू लागली. युद्धाचं खेळणं झालं, सगळ्याच चांगल्या खेळण्यांचं होतं तसं.

पण फिरता पाळणा सरदारांचीच देणगी असंही नाही. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६२० साली तुर्की मुलखातून जात होता. आजच्या बल्गेरियातल्या एका गावी त्याने सणाच्या दिवशी गोल फिरणारे पाळणे पाहिले आणि लिहून ठेवले. हाच मंडी पुढे हिंदुस्थानात आला, आग्र्याला राहिला, आणि १६३६ मध्ये आमच्या गोव्यालाही येऊन गेला. आमचा कुठला पाळणा त्याला दिसला असता तर काय बहार झाली असती!

जर्मनीत हानाऊ गावाजवळ विल्हेल्म्सबाडच्या बागेत १७८० साली बांधलेला एक कारुसेल आहे. देवळासारखी गोल इमारत, वर खांब, घोडे आणि रथ, आणि त्यांना फिरवणारी यंत्रणा खाली तळघरात. वर उमराव बसत, खाली माणसं किंवा जनावरं जुंपलेली असत, आणि वरच्यांना खालचे दिसत नसत. तो अनेक वर्षं बंद होता. दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा फिरला, आणि आता जपून, मोजक्याच दिवशी फिरवतात. वाफेचं इंजिन पाळण्याला लागलं ते १८६१ च्या सुमारास, इंग्लंडात. तिथल्याच किंग्ज लिन गावच्या फ्रेडरिक सॅव्हेजने पुढे दंडाला वाकडे दांडे जोडून घोडे वरखाली नाचवले. गंमत म्हणजे इंग्लंडातला पाळणा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो आणि युरोप-अमेरिकेतला बहुधा उलटा. घोड्यावर चढायचं ते डावीकडून, ही इंग्रजांची शिस्त लाकडी घोड्यालाही लागू!

आणि तेलुगूत या पाळण्याला म्हणतात 'रंगुल राट्नम्'. रंगांचा राट. या नावाचा बी. एन. रेड्डी यांचा एक गाजलेला सिनेमाही आहे, साठच्या दशकातला. राट्नम् म्हणजे चरखासुद्धा. आपला रहाट संस्कृतातल्या अरघट्टापासून आला. हा राट त्याचा सख्खा भाऊ असावा असं माझ्या कानाला वाटतं. विहिरीचं पाणी काढणारा रहाट, सूत काढणारं राट्नम्, आणि माणसाच्या तोंडून हसू काढणारं हे रंगीत राट्नम्.

आता पुढचं.

मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आलो की घोड्याची गोष्ट माझ्या तोंडून चुकून गेली. लहान मूल ते, बोलून गेलं. आईलाही मी तसंच सांगितलं होतं. ते खरं नाही.

नुमाईशीनंतर तीन-चार दिवसांनी गोव्याहून पत्र आलं. मावशीने ते उभ्यानेच वाचलं, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागे लागलो, "वाच ना, आईने काय लिहिलंय?" ती म्हणाली, "सगळं बरं आहे." मी म्हटलं, "मग वाच." तिने नाही वाचलं. आईला ऑपरेशननंतर ताप चढला होता आणि तो उतरत नव्हता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की माझ्या आईचं पत्र हिने माझ्यापासून लपवलं. मी ओसरीवर गेलो. आजी वाती वळत बसली होती. मी तिच्या समोर उभा राहिलो आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणालो, "आजी, मावशी ना नुमाईशीत घोड्यावर बसली. तिचे केस सुटले. ती मोठ्यांदा हसली."

आजीचा हात थांबला. तिने मला काही विचारलं नाही.

रात्री काका जेवायला बसले तेव्हा आजी भिंतीकडे बघून म्हणाली, "घोड्यावर बसल्या म्हणे बाईसाहेब. मांडीवर खेळवायच्या वयात घोडे खेळून ऱ्हायल्या." काका मान खाली घालून जेवत राहिले. मावशी वाढत होती. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आठ दिवस आजी तिच्याशी बोलली नाही. मावशी पुन्हा नुमाईशीला गेली नाही. बांगड्या आणायच्या राहिल्या. शेवटच्या रविवारी काकांनी मला एकट्याला नेलं, काळ्या घोड्यावर बसवलं. मी फिरलो. चार माणसं आत पळत होती, आणि या खेपेला मला ती दिसली. त्यांच्या पायांत काही नव्हतं.

फेब्रुवारीअखेर आई बरी झाली आणि मी गोव्याला परतलो. १९७४ मध्ये मावशीला मुलगी झाली, घरातलं वारं बदललं, आजी गेली, काका गेले. मी हैदराबादला जायचो तो लग्नकार्यापुरता, एका रात्रीपुरता, आणि कधीही जानेवारीत नाही.

तर २०२४. बहिणीने पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "नातीला नुमाईशीला न्यायचंय, तुम्ही दोघंही चला." मी मावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "वचया." चष्मा पुसत होती, दुसरं काही नाही.

मेट्रोने गेलो. 'गांधी भवन' स्टेशनवर उतरलं की नुमाईश समोरच. या नुमाईशीवरही काय काय गुजरलं! ३० जानेवारी २०१९ च्या रात्री आग लागून पुष्कळ दुकानं राख झाली, सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. थोड्याच दिवसांत ती परत उभी राहिली. २०२१ मध्ये करोनामुळे भरलीच नाही. २०२२ मध्ये सुरू होऊन लगेच बंद पडली आणि मग उशिरा पुन्हा सुरू झाली. आणि आता समोर तीच गर्दी, त्याच शाली, तीच मिरची भजी.

पाळणा होता. घोडे आता फायबरचे, मोटार विजेची, गाणी कर्कश. हा काही हानाऊचा दोनशे चाळीस वर्षांचा पाळणा नव्हे. हा डिसेंबरात ट्रकातून येतो, जोडला जातो, फेब्रुवारीत सुटा होऊन दुसऱ्या गावी जातो. १९७१ चा एक खिळाही त्यात नसणार. मला वाटून गेलं, ऐतिहासिक म्हणायचं कुणाला? एक जागचा हलत नाही म्हणून जपला गेला. दुसऱ्याचं लाकूड गेलं, लोखंड गेलं, फिरवणारे गेले, पण दर जानेवारीला पोरं येऊन त्याच आवाजात किंचाळतात. मी काळा घोडा शोधत होतो. होता. दोन्ही कानांसकट.

नातीला बहिणीने वर बसवलं. मावशी आणि मी कठड्याला धरून उभे राहिलो. मी म्हटलं, "मावशी, तुका याद आसा? तूं घोड्यार बसल्ली."

"आसा तर! भियेल्लो तूं. पाळणो चालू जातकच रडपाक लागलो. देखून हांव तुज्या फाटल्यान बसलीं."

मी म्हटलं, छे, मी कुठे रडलो? तू बाहेरच्या तांबड्या घोड्यावर होतीस, पदर सुटला होता, हसत होतीस.

"ती दुसरी फेरी," मावशी म्हणाली. मग थोडा वेळ पाळण्याकडे बघत राहिली. "पयली फेरी तुजे खातीर. दुसरी म्हजे खातीर."

पहिली फेरी मी साफ विसरलो होतो. त्रेपन्न वर्षं.

मग मी ते सांगितलं. मुद्दाम सांगितलं होतं म्हणून. पत्राचं. गाण्याच्या गोंगाटात मला जवळजवळ ओरडून सांगावं लागलं, आणि कबुलीजबाब ओरडून देणं ही फार विचित्र गोष्ट आहे. मावशीने ऐकून घेतलं. म्हणाली, "तें म्हाका तेन्नाच कळिल्लें. तुजें तोंड दिसतालें न्हय?"

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुझ्या आईला ताप होता. तुला काय बोलणार?" हे ती मराठीत म्हणाली. काचीगुड्याची मराठी.

आणि मग तिने मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मी गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात घरातली सगळी गच्चीवर निजत. एका रात्री काका झोपले होते. आजीचा बिछाना मावशीच्या शेजारी. बराच वेळ आजी या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. मग अंधारात तिने हळूच विचारलं, "जागी हायस का गं? ते घोड्यावर… भोवळ येती का?"

मावशी म्हणाली, "येते."

थोड्या वेळाने आजी म्हणाली, "बाहेरच्यावर जास्ती येत असंल."

"हो."

"मग हसू कशाचं आलं म्हणायचं?"

मावशीला उत्तर सुचलं नाही. आजीनेही परत विचारलं नाही. पुढच्या जानेवारीत बायकांच्या दिवशी मावशी म्हणाली, "चला ना तुम्हीही." आजी म्हणाली, "गुडघे नाहीत बाई माझे." पण मावशीला मात्र जाऊ दिलं. म्हणजे मावशी पुढच्या वर्षी गेली होती! आणि मी आईच्या पत्रांवरून समजत होतो की ती कायमची गेली नाही. बांगड्यावाला सापडला का, विचारलं. सापडला नाही. दोन रुपये बुडाले ते बुडालेच.

पाळणा थांबला. नात उतरायला तयार नव्हती. तिकीट घेणारा पोरगा म्हणाला, "नक्को उतारो अम्मा, एक और चक्कर मारने दो." हा 'नक्को' हैदराबादच्या दखनीला मराठीने दिलेला. तो तिथे ऐकला की परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं वाटतं.

मी दोन तिकिटं काढली. घोड्यांच्या मधे एक रथासारखी बैठक होती, म्हाताऱ्या माणसालाही बसता येईल अशी. ती मी मावशीला दाखवली. ती हसली आणि गुडघ्यांवरून हात फिरवला. "म्हजीं धोंपरां आतां आयकनात. तूं बस. पिशवी हांव धरतां."

"मी? साठीच्या माणसाने?"

"बस रे."

बसलो. काळ्यावर नव्हे, बाहेरच्या रांगेतल्या एका घोड्यावर. तांबडा नव्हता, पिवळा होता. पोरगा जरा बघत राहिला, पण तिकीट होतं, काय बोलणार? पाळणा सुरू झाला. भोवळ आली. येते, बरीच येते. दर फेरीला गर्दीतून मावशी समोर यायची, दोन हातांत दोन पिशव्या, आणि पुढे निघून जायची. तिसऱ्या की चौथ्या फेरीला ती काहीतरी ओरडून म्हणाली, पण गाण्यामुळे ऐकू आलं नाही.

उतरल्यावर विचारलं, काय म्हणत होतीस?

म्हणाली, "धर घट्ट. पडशील."